आयोवाचे तेरा पाहुणे

मिसिसिपी नदीच्या काठी, अमेरिकेच्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट नावाचं शहर आहे. यादवी युद्धात बाप गमावलेल्या मुलांसाठी ॲनी विटेनमायर यांच्या खटपटीतून आयोवात एक अनाथालय निघालं आणि ते पुढे याच शहरात स्थिरावलं. सैनिकांची मुलं मोठी होऊन निघून गेली, तरी नाव ‘सोल्जर्स ऑर्फन्स होम’ असंच राहिलं. लग्नाबाहेर जन्मलेली, टाकून दिलेली, आईबापांना पोसता न येणारी मुलं राज्याच्या कानाकोपऱ्यातून इथे येत. १९२९ नंतरच्या महामंदीत तर त्यांची रीघ लागली.

१९३४ च्या सुमारास हॅरल्ड स्कील्स नावाचा तरुण मानसशास्त्रज्ञ इथे काम करू लागला. तो आयोवा विद्यापीठाच्या बालकल्याण संशोधन केंद्राचा माणूस. हे केंद्र कोरा बसी हिलिस या बाईंच्या चिकाटीतून उभं राहिलं होतं. पोटची मुलं गमावलेल्या या बाईंनी आमदारांना वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारला: मका आणि डुकरं सुधारावीत म्हणून राज्य संशोधनावर पैसा खर्च करतं, मग मुलांसाठी का करत नाही? मका आणि डुकरांवरच जगणाऱ्या आयोवाला उत्तर द्यायला बराच काळ लागला. अखेर १९१७ मध्ये केंद्र स्थापन झालं.

स्कील्सकडे सोपवलेलं काम साधं होतं. मुलांची बुद्धिमापन चाचणी घ्यायची आणि कोणतं मूल दत्तक देण्याजोगं आहे ते सांगायचं. दत्तक घेणाऱ्या चांगल्या घरात ‘मंद’ मूल जाऊ नये, एवढी दक्षता सरकारला हवी होती. चाचणीच्या आकड्याशेजारी मुलाच्या घराण्याची माहिती असे: आई किती शिकली, बाप काय करतो, घरात कुणी वेड्यांच्या इस्पितळात आहे का. खाण तशी माती, ही समजूत तेव्हा फक्त म्हणीत राहिली नव्हती. तिला विद्यापीठांचा आणि न्यायालयांचा शिक्का मिळाला होता.

तो काळ समजून घेतल्याशिवाय पुढे जे घडलं त्याचं मोल कळणार नाही. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत करता यावी म्हणून. बुद्धी म्हणजे जन्मतः मिळालेला ठरावीक साठा, हे बिने यांना अजिबात मान्य नव्हतं. पण चाचणी अटलांटिक ओलांडून गेली तेव्हा तिच्यासोबत त्यांची ही भूमिका गेली नाही. हेन्री गॉडर्ड यांनी ती अमेरिकेत आणली आणि १९१२ मध्ये ‘कॅलिकॅक’ या टोपणनावाच्या कुटुंबाची वंशावळ छापून, मंदपणा पिढ्यान्‌पिढ्या रक्तातून उतरतो असं देशाच्या मनावर ठसवलं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुइस टर्मन यांनी १९१६ मध्ये बिनेंच्या चाचणीला अमेरिकन रूप दिलं आणि बुद्ध्यंक हा शब्द घरोघरी पोहोचवला. माणसाचा बुद्ध्यंक जन्मभर जवळपास तोच राहतो, असं टर्मन यांचं ठाम मत होतं.

आयोवाने तर १९११ मध्येच सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला होता. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनिया राज्यातल्या कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. आई मंद, मुलगी मंद आणि मुलीची तान्ही मुलगीही मंद, तेव्हा हा वंश थांबवणंच बरं, असा त्या निकालाचा आशय. आठ न्यायमूर्ती एका बाजूला, विरोधात फक्त एक. ती तान्ही मुलगी म्हणजे व्हिव्हियन. अवघ्या काही महिन्यांची असताना तिच्यात काहीतरी ‘वेगळं’ दिसतं, एवढ्या साक्षीवर तिचा निवाडा झाला. ती पुढे शाळेत गेली, १९३१ मध्ये शाळेच्या गुणवंतांच्या यादीत तिचं नाव लागलं आणि आठव्या वर्षी आजारपणात ती वारली. तिच्या प्रगतिपुस्तकाची दखल घेऊन तो निकाल कुणी मागे घेतला नाही.

अशा हवेत स्कील्स आणि त्याची सहकारी मेरी स्कोडॅक काम करत होते. स्कोडॅक हंगेरीतून आलेल्या स्थलांतरित आईबापांची मुलगी आणि खुद्द गॉडर्ड यांची विद्यार्थिनी. दोघांचंही शिक्षण आनुवंशिकतेवर विश्वास ठेवणाऱ्यांच्या हाताखाली झालेलं. ते काही बंड करायला निघाले नव्हते.

डेव्हनपोर्टच्या तान्ह्या मुलांच्या खोलीत पाळण्यांच्या कडांना चादरी लावलेल्या असत, त्यामुळे मुलाला शेजारचं मूलही दिसत नसे. खेळणी जवळपास नव्हतीच. परिचारिका दूध पाजायच्या, दुपटी बदलायच्या आणि पुढच्या पाळण्याकडे वळायच्या. त्यांना दोष देता येत नाही. इतक्या मुलांमागे त्या इतक्या थोड्या होत्या की कुणाशी दोन शब्द बोलायला उसंत नव्हती. मूल दोनेक वर्षांचं झालं की त्याची रवानगी मोठ्या मुलांच्या इमारतीत होई. तिथे तीस-पस्तीस मुलांमागे एक देखरेख करणारी बाई आणि तिच्या हाताखाली अनाथालयातल्याच तेरा ते पंधरा वर्षांच्या, हे काम नकोसं झालेल्या तीन-चार मुली. जेवण, आंघोळ, झोप सगळं घंटेवर.

याच खोलीत स्कील्सला दोन मुली आढळल्या. एक तेरा महिन्यांची, दुसरी सोळा. एकीच्या आईची मंदबुद्धी म्हणून नोंद, दुसरीची आई मनोरुग्णालयात. दोघी हाडकुळ्या, नाक वाहणाऱ्या, दिवसभर मागे-पुढे झुलत कण्हणाऱ्या. वाढ सहा-सात महिन्यांच्या बाळाएवढी. चाचणीत एकीचा बुद्ध्यंक ४६ आला, दुसरीचा ३५. त्या काळच्या नियमाला धरून स्कील्सने त्यांना वुडवर्ड इथल्या मतिमंदांच्या सरकारी संस्थेत पाठवण्याची शिफारस केली. तिथे त्यांना अठरा ते पन्नास वर्षांच्या स्त्रियांच्या कक्षात ठेवलं. त्या स्त्रियांचं मानसिक वय पाच ते नऊ वर्षं मोजलेलं होतं.

सुमारे सहा महिन्यांनी स्कील्स त्या संस्थेच्या फेरीवर गेला, तेव्हा कक्षात दोन टवटवीत मुली धावत-खेळत होत्या, मोठ्यांकडे बघून हसत होत्या. त्याला त्या ओळखू येईनात. चाचणी घेतली तर वाढ जवळपास वयाला साजेशी निघाली. त्याचा स्वतःच्या आकड्यांवर विश्वास बसेना, म्हणून त्याने मुलींना तिथेच राहू दिलं आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासलं. मग साडेतीन वर्षांच्या आसपास आणखी एकदा. दोघी सर्वसामान्य मुलींसारख्याच होत्या.

काय झालं होतं? कक्षातल्या एकेका स्त्रीने एकेका मुलीला आपलं मानलं होतं. बाकीच्या मावशा झाल्या. तिथे नोकरीला असलेल्या बायकाही सुट्टीच्या दिवशी मुलींना बाहेर फिरवून आणत, खेळणी आणि चित्रांची पुस्तकं विकत आणत. ज्यांना समाजाने कशालाच लायक नाही म्हणून कोंडलं होतं, त्या स्त्रियांनी दिवसभर त्या दोन पोरींशी बोलणं, खेळणं, त्यांना कडेवर घेणं एवढंच केलं. या स्त्रियांची नावं कुठल्याही शोधनिबंधात नाहीत. मला ही इतिहासाने केलेली कृतघ्नता वाटते.

त्यानंतर स्कील्सने जे केलं त्याला धाडस लागतं. त्याने राज्याच्या अधिकाऱ्यांना पटवलं की डेव्हनपोर्टमधली दत्तक देण्याजोगी न ठरलेली आणखी काही बाळं ग्लेनवुडच्या मतिमंद संस्थेत पाठवायची. कागदोपत्री ती अनाथालयाचीच राहतील, ग्लेनवुडमध्ये फक्त पाहुणी म्हणून जातील, म्हणजे ‘मतिमंद’ हा शिक्का त्यांच्या नावापुढे लागणार नाही. आधीच्या दोघी धरून एकूण तेरा मुलं. सरासरी वय दीड वर्षाच्या थोडं पुढे, सरासरी बुद्ध्यंक ६४. ग्लेनवुडच्या कक्षांमध्ये चुरस लागली की कुणाचं बाळ आधी चालतं, आधी बोलतं. सरासरी दीड-पावणेदोन वर्षांच्या मुक्कामानंतर तेराच्या तेरा मुलांचा बुद्ध्यंक वाढला. कुणाचा ७ गुणांनी, कुणाचा ५८ गुणांनी, सरासरी २७ हून अधिक. ज्यांना एखादी हक्काची ‘आई’ मिळाली होती, त्यांची वाढ जास्त होती. तेरापैकी अकरा मुलं पुढे दत्तक गेली.

तुलनेसाठी स्कील्सने नंतर जुन्या नोंदींतून बारा मुलं काढली. ती डेव्हनपोर्टमध्येच राहिली होती. सुरुवातीला त्यांचा सरासरी बुद्ध्यंक ८७ च्या आसपास होता, म्हणजे तेरा पाहुण्यांपेक्षा कितीतरी चांगला. ती दत्तक का गेली नाहीत? काहींच्या प्रकृतीची तक्रार होती, आणि काहींच्या घराण्याचा इतिहास वाईट म्हणून त्यांना अडवून ठेवलं होतं. पुढच्या तपासण्यांत या बारा मुलांचा बुद्ध्यंक सरासरी २६ गुणांनी घसरून ६० वर आला. ज्या घराण्याच्या भीतीने त्यांना अनाथालयात ठेवलं, त्या घराण्यात जी मंदबुद्धी असल्याचा वहीम होता, ती अनाथालयाने त्यांच्यात निर्माण करून दाखवली.

इकडे मेरी स्कोडॅक दुसऱ्या बाजूने तोच प्रश्न हाताळत होती. महामंदीत डेव्हनपोर्ट इतकं भरलं होतं की कित्येक बाळं सहा महिन्यांची होण्याआधीच दत्तक गेली होती. अशा मुलांच्या चाचण्या ती घेत राहिली आणि जिथे शक्य होतं तिथे जन्मदात्या आईचाही बुद्ध्यंक मिळवला. शंभर मुलांचा हा अभ्यास १९४९ मध्ये पूर्णत्वाला गेला, तेव्हा मुलं किशोरवयात होती. ६३ जन्मदात्या आयांचा सरासरी बुद्ध्यंक ८६, त्यांच्या मुलांचा १०६. वीस गुणांचा फरक.

पण त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे आणि तो लपवून चालणार नाही. कोणत्या आईचं मूल इतर मुलांच्या पुढे आणि कोणाचं मागे, हे पाहिलं तर मुलांचा क्रम जन्मदात्या आईच्या बुद्ध्यंकाशी बऱ्यापैकी जुळत होता, सहसंबंध ०.४४ होता. वाढवणाऱ्या आईबापांच्या शिक्षणाशी मात्र तो जवळपास जुळत नव्हता. म्हणजे मुलांनी जन्मदात्यांकडून काहीतरी निश्चित आणलं होतं. त्यांच्यातला पुढे-मागेपणा बऱ्याच अंशी रक्तातून आला होता, आणि तरीही अख्खा गटच्या गट वीस गुणांनी वर उचलला गेला होता. बुद्धी आईबापांकडून येते का, या प्रश्नाला इतकं स्पष्ट उत्तर देणारी आकडेवारी त्याआधी क्वचितच कुणी मांडली असेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना एकेकच ऐकायची होती.

हा वाद १९४९ च्या आधीच पेटला होता आणि तो साधासुधा नव्हता. १९३८ ते १९४० या काळात टर्मन, मिनेसोटाच्या फ्लॉरेन्स गुडइनफ आणि टर्मन यांचे सहकारी क्विन मॅकनेमार यांनी आयोवाच्या गटावर जोरदार हल्ला चढवला. मंदबुद्धी स्त्रियांच्या सहवासात मुलांची बुद्धी वाढते, या कल्पनेची टर उडवली गेली. मॅकनेमार यांचे आकडेशास्त्रीय आक्षेप मात्र खोटे नव्हते. वर्ष-दीड वर्षाच्या बाळाच्या चाचणीवर फार भरवसा ठेवता येत नाही. फार खालचे आकडे पुन्हा मोजले की आपोआप थोडे वर सरकतात. दोन गटांत मुलं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. शिवाय त्या आयांच्या चाचण्या बाळ सोडून देण्याच्या कठीण दिवसांत झालेल्या, तेव्हा त्यांचे गुणही कमी मोजले गेले असण्याची शक्यता होती. पण टीकाकार इथे थांबले नाहीत. त्यांनी आयोवाच्या संशोधकांना भोळे आणि अडाणी ठरवलं, आणि मानसशास्त्राच्या जगात टर्मन यांचा शब्द मोठा होता. त्यातच महायुद्ध आलं. स्कील्स सैन्यात गेला आणि पुढे राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत रमला. स्कोडॅक मिशिगनमध्ये शाळांसाठी मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करू लागली. केंद्राचे संचालक जॉर्ज स्टॉडर्डही आयोवा सोडून गेले. तेरा पाहुण्यांची गोष्ट वीस वर्षं जवळजवळ विस्मरणात गेली.

टर्मन यांची मोजपट्टी याच सुमारास मराठीतही आली. मुंबई इलाख्यातले शिक्षणतज्ज्ञ व्ही. व्ही. कामत यांनी स्टॅनफर्ड चाचणीचं मराठी आणि कन्नड रूपांतर इथल्या मुलांवर तपासून तयार केलं. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये, म्हणजे आयोवाचा वाद ऐन भरात असताना प्रसिद्ध झाला. बिने-कामत चाचणी आजही आपल्याकडे मुलांच्या बौद्धिक तपासणीसाठी वापरली जाते. चाचणी आपण घेतली, हे चांगलंच केलं. पण मूल दत्तक घ्यायचं ठरवणाऱ्या जोडप्याला अजूनही ‘कुणाचं रक्त आहे, काय माहीत’ असं घरातलंच कुणीतरी ऐकवतं, तेव्हा १९३४ चं डेव्हनपोर्ट अजून संपलेलं नाही असं वाटतं. अशा घरी स्कोडॅकचे दोन्ही आकडे एकत्र वाचून दाखवावेत.

१९६० नंतर वारं फिरलं. मॅकव्हिकर हंट यांच्या १९६१ च्या ‘इंटेलिजन्स अँड एक्स्पीरियन्स’ या ग्रंथाने अनुभवातून घडणाऱ्या बुद्धीची चर्चा नव्याने सुरू केली. गरीब घरातल्या मुलांना शाळेआधी शिक्षण देणारा ‘हेड स्टार्ट’ कार्यक्रम १९६५ मध्ये निघाला. त्याच सुमारास स्कील्स पुन्हा आयोवाच्या वाटेला लागला. पंचवीस मुलांना शोधायचं होतं. दत्तक गेलेल्यांची आडनावं बदललेली, मुलींची लग्नानंतर पुन्हा बदललेली. जुने पत्ते, नातेवाईक, गावातली माहीतगार माणसं, असं करत त्याने पंचवीसही जणांचा माग काढला. निष्कर्ष १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले.

तेरा पाहुण्यांपैकी एकही जण कुठल्या संस्थेत नव्हता. सगळे आपल्या पायावर उभे होते. त्यांच्यातल्या निम्म्यांचं तरी शिक्षण बारावीपर्यंत, चार जण महाविद्यालयात गेलेले. कुणी शिक्षिका, कुणी परिचारिका, कुणी समुपदेशक. अकरा जणांची लग्नं झाली होती आणि त्यांतल्या नऊ जणांना मिळून २८ मुलं होती. स्कील्सने त्यांचीही चाचणी केली. सरासरी बुद्ध्यंक १०४ निघाला. कधीकाळी ज्यांचा वंश वाढू नये असं राज्याला वाटलं असतं, त्यांची ही मुलं सर्वसामान्य शाळांत शिकत होती.

बारा जणांची हकीकत वाचवत नाही. एक जण कोवळ्या वयातच संस्थेत वारला होता. चौघं अजून संस्थांमध्येच होते. निम्म्यांचं तरी शिक्षण तिसऱ्या इयत्तेच्याही खाली. जे बाहेर होते त्यांतले बरेचसे भांडी घासण्यासारख्या कामांवर कसेबसे जगत होते. या बारा जणांवर सरकारचा झालेला खर्च त्या तेरा जणांवरच्या खर्चाच्या सुमारे पाचपट होता, हेही स्कील्सने मांडलं. हिशेब मांडल्याशिवाय राज्याला पटत नाही, हे त्याला ठाऊक असावं.

१९६८ मध्ये स्कील्स आणि स्कोडॅक यांना केनेडी प्रतिष्ठानचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या समारंभात एका पदवीधर तरुणाने आपली ओळख करून दिली. तो तेरांपैकी एक होता. दोन वर्षांनी स्कील्स वारला.

पुढच्या संशोधनाने चित्राला दोन्हीकडून भर घातली. मिनेसोटा विद्यापीठात १९७९ पासून वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांचा अभ्यास झाला. त्यांच्या बुद्ध्यंकातलं साम्य इतकं मोठं निघालं की आनुवंशिकतेचा वाटा नाकारणं अशक्य झालं. पण ही जुळी बहुतेक बऱ्यापैकी सुस्थितीतल्या घरांत वाढलेली होती. एरिक टर्कहायमर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या गरीब घरांतली जुळी तपासली, तेव्हा तिथे आनुवंशिकतेचा वाटा अगदी थोडा आढळला. हलाखीत वाढणाऱ्या मुलांमधला फरक मुख्यतः परिस्थितीच ठरवत होती.

आयोवाच्या प्रयोगाला जी उणीव होती, ती रुमानियात भरून निघाली. चाउशेस्कूच्या राजवटीनंतर तिथली अनाथालयं मुलांनी भरलेली होती. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी बुखारेस्टमधली १३६ मुलं निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची वाटणी केली: निम्मी पालक कुटुंबांत, निम्मी तेव्हा होती तशीच. २००७ मध्ये आलेल्या निष्कर्षांत कुटुंबात गेलेली मुलं बुद्ध्यंकात स्पष्टपणे पुढे होती, आणि जितकं लहान वयात मूल घरी गेलं तितका फरक मोठा होता. डेव्हनपोर्टमध्ये त्याच्या सत्तर वर्षं आधी जे दिसलं होतं, तेच.

राहता राहिला तो बारांमधला एक अपवाद. नोंदींत त्याचा क्रमांक १९. या मुलाला कमी ऐकू यायचं, म्हणून त्याला डेव्हनपोर्टमधून बहिऱ्या मुलांच्या सरकारी शाळेत पाठवलं. तिथल्या वसतिगृहाच्या बाईंचं लक्ष त्याच्याकडे गेलं, कारण तो सगळ्यांत लहान मुलांपैकी होता आणि त्याला भेटायला कुणी येत नसे. त्या त्याला घरी नेऊ लागल्या आणि त्यांच्या मुलीने व जावयानेही त्याला जीव लावला. स्कील्सला तो सापडला तेव्हा एका वृत्तपत्रात अक्षरजुळणीचं काम करत होता. लग्न झालेलं, मुलंबाळं, स्वतःचं घर. त्या गटातल्या इतर कमावत्यांपेक्षा त्याची मिळकत कितीतरी जास्त होती.